मार्मोराचा पक्षी, टेमिंकची नोंद

युरोपातल्या पक्ष्यांची जुनी पुस्तकं चाळली, तर पश्चिम भूमध्य समुद्रातल्या बेटांवर एकच करडा वटवट्या सापडतो. नव्या पुस्तकांत तिथे दोन आहेत, मार्मोराचा आणि बॅलिआरिक. या वाटणीची सुरुवात थेट एका फौजी माणसापर्यंत जाते.

अल्बेर्तो देल्ला मार्मोरा (१७८९–१८६३) हा नेपोलियनच्या सैन्यात लढलेला वायव्य इटलीतल्या पीडमाँटचा अधिकारी. १८१९ साली तो इटलीजवळच्या सार्डिनिया बेटावर गेला, पक्षी बघायला. तिथल्या गुडघा-कमरेएवढ्या रोझमेरी-सिस्टसच्या झुडपांत हा वटवट्या राहतो. मुठीत मावेल एवढा, अंग राखाडी, डोळ्याभोवती लाल कडं आणि सदा उभारलेली लांबोडकी शेपटी. शेंड्यावर क्षणभर येतो, काहीतरी खरखरीत बोलतो आणि पुन्हा झुडपात गडप.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्मोराने तुरिनच्या विज्ञान अकादमीपुढे पक्ष्याचं वर्णन मांडलं. पण छापून यायला वेळ लागला, आणि १८२० मध्ये डच पक्षितज्ज्ञ टेमिंक यांनी आधी छापलं. नामकरणाचा नियम रोखठोक आहे: आधी छापील तो धनी. म्हणून ‘सार्डा’ या शास्त्रीय नावापुढे आजही टेमिंक, १८२० असंच लिहितात. इंग्रजीने मात्र पक्षी मार्मोराच्या नावावर ठेवला. मला तो न्याय बरा वाटतो. मार्मोराने पुढे बेटाचा भूगोल आणि भूगर्भ धुंडाळण्यात वर्षं घालवली. सार्डिनियाचं सर्वोच्च शिखर, १,८३४ मीटरचं, त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

ही झुडपंही सगळी मूळची नव्हेत. शतकानुशतकांची कुऱ्हाड, शेळ्या-मेंढ्या आणि वणवे यांनी जंगल खुजं केलं, आणि या पक्ष्याला ते मानवलं. दाट झाडीला शेजारच्या कॉर्सिका बेटावर ‘माकिया’ म्हणतात. फरारी लोक तिथेच लपत. त्यावरून फ्रेंचांचा ‘माकी’ शब्द आला आणि दुसऱ्या महायुद्धात तो भूमिगत लढवय्यांना चिकटला.

मायोर्का, इबिझा, फॉर्मेंतेरा या स्पेनच्या बॅलिआरिक बेटांवरचा पक्षी जरा फिकट, गळ्याशी पांढुरका. जर्मन पक्षितज्ज्ञ फोन योर्दान्स यांनी १९१३ मध्ये त्याला उपजातीचं नाव दिलं. आवाज आणि ठेवण यांतला फरक धरून २००१च्या सुमारास त्याला स्वतंत्र जातीचा मान मिळू लागला. गंमत म्हणजे शेजारच्या मिनोर्कावर तो नाही. तिथे त्याचा भाऊबंद, डार्टफर्ड वटवट्या, नांदतो.

अलीकडे या सगळ्यांची ‘सिल्व्हिया’ या प्रजातीतून (जवळच्या जातींच्या गटातून) ‘कुरुका’त बदली झाली. हिवाळ्यात आपल्याकडच्या बाभळींत किडे टिपणारा, पांढऱ्या गळ्याचा ‘लेसर व्हाइटथ्रोट’ही याच प्रजातीतला. तो हजारो किलोमीटर उडून येतो. बॅलिआरिक वटवट्या मात्र बारा महिने आपल्याच झुडपांत असतो.