आगबोटीतली माणसं आणि एडिंबराचं समीकरण

२०२० च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या शाळेत ग्राम कृती दलाची एक दोनशे पानी वही होती. नाव, वाडी, मुंबईत कुठून निघाला, कधी पोचला, सोबत कोण, विलगीकरण शाळेत की घरी, असे रकाने पट्टीने आखलेले. चतुर्थी २२ तारखेला होती. सरकारने चाकरमान्यांसाठी विलगीकरणाचे चौदा दिवस दहावर आणले होते, त्यामुळे १२ तारखेच्या आत गाव गाठायची एकच झुंबड. वहीत नाव न लागलेलीही माणसं होतीच. रात्री तिठ्यावर उतरून, पाखाडीने घरी गेलेली. ती कोण हे अख्ख्या वाडीला ठाऊक, फक्त वहीला नाही.

त्याच काळात केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने नेमलेली समिती सगळ्या देशाची साथ एका गणिती मॉडेलमध्ये बसवत होती. मॉडेलचं नाव ‘सूत्र’. शिखर सप्टेंबरातच होऊन गेलं, काळजी घेतली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल, असं ऑक्टोबरात सांगितलं गेलं. पुढचा एप्रिल-मे आपण सगळ्यांनी पाहिला. मेच्या सुरुवातीला देशात दिवसाला चार लाखांवर रुग्ण नोंदले जात होते. दुसऱ्या लाटेचा अंदाज चुकला, हे समितीतल्या शास्त्रज्ञांनी मान्यही केलं.

समाजाचं गणित मांडायचं, त्यावरून भाकीत करायचं, भाकितावरून समाज आवरायचा आणि या सगळ्याला सरकारने पैसा पुरवायचा, ही कल्पना काही कोरोनात जन्मलेली नाही. तिचं एक मूळ तर मुंबईच्या प्लेगात आहे, आणि मुंबईचा प्लेग म्हटलं की कोकण आलंच.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रोगी सापडले. पुढच्या काही महिन्यांत निम्मी मुंबई रिकामी झाली. गिरण्यांमधल्या मजुरांचा मोठा भाग तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला (आजचा सिंधुदुर्ग त्यातच होता). ती माणसं आगबोटीने बंदरोबंदरी उतरली. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. घराघरांत झडत्या, रोग्यांना ओढून इस्पितळात नेणं, प्रेतांची तपासणी. लोक आजारी माणूस लपवायचे, मढंसुद्धा लपवायचे. एवढं असूनही आठवड्याला किती मेले याचे आकडे साठत राहिले, वर्षानुवर्षं.

त्यातली एकच मालिका, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ ची, पुढे जगप्रसिद्ध झाली. १९२७ मध्ये एडिंबराच्या कर्मॅक आणि मॅककेंड्रिक यांनी साथीच्या गणिताचा निबंध छापला. मॅककेंड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत राहून गेलेले डॉक्टर. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात दोन्ही डोळे गेलेले. प्रयोगशाळा तिथल्या डॉक्टरांच्या संस्थेची. त्यांनी माणसांचे तीन गट केले: लागण होऊ शकेल असे, आजारी, आणि बरे झालेले वा मेलेले. एका गटातून दुसऱ्यात किती वेगाने जातात याची समीकरणं लिहिली, आणि मुंबईचे मृत्यू त्या वक्रावर नेमके बसवून दाखवले. हळूहळू चढ, मार्च-एप्रिलच्या सुमारास टोक, मग उतार. कोरोनाच्या वेळी टीव्हीवर जे आलेख दिसत होते, त्यातल्या बहुतेकांचं कूळ इथलं.

आता हा आलेख कोकणातल्या माणसाने बघावा. समीकरणाची एक अट आहे की लोकसंख्या बंद, कोणी आत येत नाही, कोणी बाहेर जात नाही. डिसेंबर ते जुलै! म्हणजे मधे शिमगा येतो, मे महिना येतो, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद होण्याआधी मुंबईतून गावाला जायची घाई येते. उतार यामुळेच आला असं मी म्हणत नाही. प्लेगचा खरा संसार उंदरांचा आणि पिसवांचा, त्याला ऋतू लागतो, आणि या अंगाने त्या निबंधावर अलीकडच्या गणितज्ञांनी टीका केलेलीच आहे. पण वक्र सुरेख बसला म्हणून त्यामागची गोष्ट खरी ठरत नाही, हे पहिल्याच उदाहरणात दिसावं याची गंमत वाटते.

हा निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला सर गिल्बर्ट वॉकर यांनी. हेही नाव आपल्याला परकं नाही. १९०४ ते १९२४ ते हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. पाऊस बुडाला की दुष्काळ आणि महसूल बुडाला की सरकार, म्हणून मान्सूनच्या भाकितावर सरकार खर्च करत होतं. कारकुनांच्या फौजेकडून हजारो आकडेमोडी करून घेत वॉकरनी जगभरच्या हवेच्या दाबांचा पावसाशी संबंध शोधला. (केंब्रिजला ते १८८९ चे सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले. दहा वर्षांनी तोच मान दापोलीजवळच्या मुर्डीच्या रघुनाथ परांजप्यांना मिळाला. वॉकर पावसाकडे वळले, परांजपे फर्ग्युसनकडे.)

हवामानाच्याच, पण ब्रिटनच्या, खात्यातून आलेला दुसरा माणूस लुईस फ्राय रिचर्डसन. पंथाने क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. पहिल्या महायुद्धात बंदूक नाकारून रुग्णवाहिका चालवली, आणि हवामान खातं विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेलं तेव्हा नोकरी सोडली. पुढे युद्धं का होतात याचं गणित मांडण्यात आयुष्य घातलं. युद्धाच्या मानसशास्त्रावरची पहिली पुस्तिका १९१९ मध्ये स्वखर्चाने काढली. १९४० मध्ये प्राचार्यपद सोडलं तेही याच कामासाठी. शेजारी देशांची सीमा जितकी लांब तितकी भांडणं जास्त का, हे तपासताना त्याला दिसलं की सीमेची लांबीच पक्की नाही. मोजपट्टी जितकी लहान, तितकी ती वाढते. किनाऱ्यांचंही तेच. आपण शाळेत घोकलेला महाराष्ट्राचा ७२० किलोमीटरचा किनारा अलीकडच्या बारीक मोजणीत सुमारे ८७८ भरला आहे. किनारा जागेवरच आहे. खाड्या आणि वळणं आता मोजली गेली.

रिचर्डसनला पैसा कोणी दिला नाही. तो गेला १९५३ मध्ये. पैशाचा पूर तोवर दुसरीकडे सुरू झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने आणि हवाईदलाने गणितज्ञांना भरपूर पोसलं. १९६४ मध्ये अमेरिकी लष्कराने ‘कॅमलॉट’ नावाचा प्रकल्प आखला: गरीब देशांत बंड कधी होईल याचं भाकीत, आणि ते होऊ नये म्हणून काय करावं. खर्च ६० लाख डॉलर. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी आमंत्रण नाकारलं, चिलीतल्या प्राध्यापकांना बातमी कळली, तिथे गहजब झाला आणि १९६५ च्या जुलैमध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. गणित बरोबर होतं की चूक, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. कशाला विचारतील? आपल्याला आवरायला दुसऱ्याने पैसा लावला आहे, एवढं कळणं पुरेसं होतं.

युरोपात ‘फ्युचर आयसीटी’ या नावाने साऱ्या समाजाचं मॉडेल बनवायची योजना होती. १०० कोटी युरोंच्या स्पर्धेत ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. २०१३ च्या जानेवारीत निवड झाली ग्राफीन या पदार्थावरच्या आणि मेंदूवरच्या प्रकल्पाची.

आपल्याकडे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांनी वेगळी वाट धरली. आधी मोजा. बंगालच्या तागाची नमुना पाहणी, मग १९५० पासून राष्ट्रीय नमुना पाहणी. मोजायला माणसं लागतात, पायपीट लागते, म्हणजे खर्च लागतो. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटींची भाषा झाली, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा. दुसरीकडे, एकट्या गणितज्ञाला ‘मॅट्रिक्स’ या सरकारी योजनेत मिळणारं अनुदान वर्षाला दोन लाख होतं, तीन वर्षं. कागद-पेन्सिलीला ते भागतं. पाखाडीवर रात्री कोण उतरलं हे विचारत फिरायला भागत नाही.

शाळेतली ती वही अजून आहे. मागची कोरी पानं २०२२ च्या शिमग्याच्या वर्गणीला वापरली, पालखीचा हिशोब त्याच पट्टीच्या रकान्यांत मांडलाय. पुढची पानं बघायला आजवर कोणी आलेलं नाही.