फुंकर मारून बघा : ‘सॉफ्टशेल’ नावाच्या दोन वेगळ्या पँट

उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला निघालेली मुलं दरवर्षी हमखास विचारतात, “दादा, सॉफ्टशेल पँट घेऊ ना?” घे म्हणावं तरी पंचाईत, नको म्हणावं तरी पंचाईत. कारण बाजारात हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या कापडांना चिकटवलेलं असतं. रंग तोच, काळा नाहीतर राखाडी. ओढलं की दोन्ही ताणतात. ऑनलाइन फोटोत तर जुळ्या बहिणीच. डोंगरात मात्र एक पँट दहा वर्षं साथ देते आणि दुसरी पहिल्याच चढाला घामाने भिजवते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. पँटचा पाय उलटा करा, मांडीजवळचं एकपदरी कापड ओठांना घट्ट लावा, पलीकडे तळहात धरा आणि जोरात फुंका. एका कापडातून हवा जाते. जोर लावावा लागतो, पण तळहाताला ऊब लागते. दुसऱ्या कापडावर नुसते गाल फुगतात आणि हवा ओठांच्या कडेने निसटते. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

हवा जाऊ देणारी ती नुसती विणलेली. टीशर्टसारखं होजिअरीचं नाही, मागावरचं कापड. चांगल्या पँटमध्ये वीण दुहेरी असते : बाहेरची बाजू नायलॉनची, घट्ट आणि गुळगुळीत, आतली बहुधा पॉलिएस्टरची, जरा मऊ, घाम टिपून पसरवणारी. ताणासाठी थोडं इलास्टेन, आणि पाणी ओघळून जावं म्हणून वर डीडब्ल्यूआर नावाचा लेप. बस, एवढंच. हे कापड मूळचं आल्प्सच्या वळणाचं. स्वित्झर्लंडमधली शोलर ही १८६८ पासूनची गिरणी अशा कापडासाठी गिर्यारोहकांत नावाजलेली आहे.

हवा अडवणारीच्या पोटात पडदा असतो. बाहेर पातळ पॉलिएस्टर, मध्ये बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा पापुद्रा, आत फ्लीस म्हणजे लोकरीसारखं मऊ, उबदार कापड, आणि तिन्ही एकमेकांना गोंदाने चिकटवलेले. हिच्या लेबलवर ‘१०के/१०के’ असं काहीतरी असतं. पहिला आकडा म्हणजे १०,००० मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं; दुसरा म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत १०,००० ग्रॅम वाफ बाहेर पडते, तीही प्रयोगशाळेत. वाचून वाटतं, चला, थंडी, वारा, पाऊस सगळं एकाच पँटमध्ये भागलं. पण हे आकडे कापडाचे आहेत, पँटचे नव्हेत. शिवणीत सुईची हजारो भोकं असतात. खऱ्या रेनपँटमध्ये त्यांवर आतून टेप मारलेली असते. पडद्याच्या सॉफ्टशेलमध्ये ती बहुधा नसते. म्हणजे पाऊस शिवणीतून आत येणार आणि घाम पडद्यामुळे आतच राहणार. ना धड पावसाची, ना धड चढाची.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी पहिली सॉफ्टशेल हीच होती. हिमालयातल्या एका थंडीतल्या चढाईला पहाटे चारला निघालो तेव्हा तिच्यासारखं सुख नव्हतं. ऊन वर आलं, चढ उभा झाला आणि नऊच्या सुमारास आतलं फ्लीस मांडीला चिकटायला लागलं. धारेवर रोप लावायला अर्धा तास थांबलो, वारा सुटला, आणि भिजलेलं फ्लीस बर्फाच्या लादीसारखं गार पडलं. शेजारच्याची पातळ, जुनी, फुंकर जाणारी पँट तोवर कोरडी. ‘तुझी जाड आहे ना रे?’ असं त्याने विचारलं तेव्हा काय उत्तर द्यावं सुचेना.

गोम अशी आहे की चढताना शरीर भट्टीसारखं तापतं. त्या वेळी पायांना ऊब नको असते, वाफ जायला वाट हवी असते. पडद्यातून वाफ जाते, पण तिच्या गतीने. विणीतून सरळ हवाच खेळते. पाऊल टाकताना गुडघ्याजवळ कापड आतबाहेर होतं, तेवढ्यानेही आतली दमट हवा बदलते.

आता टिकाऊपणा, कारण पैसे मोजतो ते त्यासाठी. पँट झिजते तीन ठिकाणी : बूड, गुडघे, आणि घोट्याची आतली बाजू. आपल्या सह्याद्रीत बुडाचं कारण सांगायला नको. नाळेतल्या, म्हणजे डोंगराच्या उभ्या घळीतल्या, घसाऱ्यावर पाय सुटायला लागले की भलेभले बसूनच उतरतात, आणि बेसॉल्टचा खरबरीत कातळ कानशीसारखा काम करतो. घोट्याशी शत्रू म्हणजे क्रॅम्पॉन, बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे लोखंडी दात. दमलेला माणूस पाय जवळजवळ टाकतो आणि एका पायाचे दात दुसऱ्या पायाची पँट फाडतात. म्हणून बर्फासाठी घेताना घोट्याच्या आतल्या बाजूला जाड कापडाचा तुकडा शिवलेला आहे का ते बघायचं. नसेल तर बुटावरून नडगीपर्यंत चढवायचे गेटर घालायचेच.

घासण्यापुढे नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा चिवट. नायलॉन थोडं जास्त पाणी पितं हे खरं, पण बूड शाबूत राहण्यापुढे तेवढं चालतं. लेबलवर बाहेरचं कापड नायलॉन किंवा पॉलिअमाइड (एकच गोष्ट) लिहिलेलं असेल तर चांगलं लक्षण. इलास्टेन किती? थोडं हवंच, पण वीस टक्क्यांच्या आसपास गेलं की ती योगासनांची पँट. गुडघ्याला पोक काढायला वेळ लावत नाही. वजन दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये देतात. साधारण १५० ची पँट उन्हाळी चालीची, २०० ते २५० ची गिर्यारोहणाची कणखर. ३०० च्या वर गेलात की बहुधा आत फ्लीस असतं.

आणि पडद्याची? तिचं आयुष्य गोंदावर. घाम, तेल, उष्णता आणि दमट हवा यांनी पॉलियुरेथेन हळूहळू विघटतं. मुंबई-कोकणातल्या माळ्यावर चार पावसाळे काढले की ते चिकट होतं, थर सुटतात. माझीचं तेच झालं. काढून बघतो तर दोन्ही गुडघ्यांवर पुरी फुगावी तसे फुगे आलेले. फाटलेली पँट शिवता येते, सुटलेल्या थरांना घरी काही उपाय नाही. विणलेल्या पँटमध्ये सुटण्यासारखं मुळात काही नसतंच. भोक पडलं की ठिगळ लावा आणि पुढच्या ट्रेकला चला.

मग पाऊस आला तर? विणलेली पँट भुरभुर पाऊस आणि कोरडं भुसभुशीत बर्फ झटकून टाकते. ओलं बर्फ, धो धो पाऊस किंवा ग्लिसाडिंग, म्हणजे बसून घसरत उतरणं, करत तासभर बर्फावर बसणं तिला झेपत नाही. त्यासाठी सॅकमध्ये वेगळी हार्डशेल, म्हणजे पूर्ण पाणी अडवणारी, रेनपँट लागते, शक्यतो पायाला पूर्ण लांबीची झिप असलेली, म्हणजे बूट न काढता वरून चढवता येते. दिवसभर अंगावर विणलेली, गरजेपुरती वरून रेनपँट, आणि थंडी असेल तशी आत थर्मल. तीन कामं तीन कपड्यांनी करायची.

सह्याद्रीसाठी म्हणाल तर स्पष्ट सांगतो, पडद्याची पँट इकडे कधीच नको. पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी ओली असते की आतली वाफ बाहेर जायला फरकच उरत नाही. रेनपँट घातली तरी आतून भिजता. तिथे पातळ, पटकन वाळणारी साधी ट्रेकिंग पँट पुरे. जाड विणलेली सॉफ्टशेल कामाला येते ती डिसेंबर-जानेवारीत, अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी, जिथे कातळाशी अंग घासावं लागतं आणि करवंदीच्या जाळ्या ओरबाडतात. तिचा एक फायदा कुठल्याच लेबलवर लिहिलेला नसतो : कुसळं. होजिअरीच्या ट्रॅकपँटमध्ये घुसलेली कुसळं रात्री टॉर्च लावून एकेक उपसत बसावं लागतं. घट्ट विणीच्या गुळगुळीत नायलॉनमध्ये ती शिरतच नाहीत, हाताने झटकली की गेली.

पडद्याच्या पँटला अगदीच टाकाऊ ठरवू नये. जिथे वारा भरपूर आणि हालचाल कमी, तिथे तिचं राज्य. लडाख-स्पितीला बाइकवर जाणाऱ्यांना ती सोन्यासारखी. बेस कॅम्पवर संध्याकाळी बसून राहायला उत्तम. किलिमांजारोच्या (५,८९५ मीटर) समिटला मध्यरात्री निघून गोगलगायीच्या चालीने चढायचं असतं, तिथेही अंगकाठीने थंडाळू माणसाने नेली तर मी हसणार नाही. कोर्सला मात्र दिवसभर चढणं, पडणं, सरपटणं असतं. तिथे नको.

धुताना दोन्हींना एकच पथ्य : कपडे मऊ करणारं द्रव वापरायचं नाही, त्याने लेप झाकला जातो आणि कापड पाणी प्यायला लागतं. ‘पँट मळू नये म्हणून धूतच नाही’ हा आपल्याकडचा लाडका हट्टही चुकीचा, कारण घाम आणि सनस्क्रीनचं तेलच लेपाला मारतं. त्यातून आता अशा लेपांत वापरली जाणारी फ्लोरीनयुक्त पीएफएएस रसायनं मागे पडताहेत. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून बहुतेक कपड्यांत ती मुद्दाम घालायला बंदी केली. नवे लेप तेलापुढे कच्चे आहेत, म्हणून ते वेळच्या वेळी धुणं आणखी गरजेचं. वाळल्यावर लेबल परवानगी देत असेल तर मंद इस्त्री फिरवा, थेंब पुन्हा मोत्यांसारखे घरंगळतात.

दुकानात जाताना आत घालणार तेच थर्मल घालून जा. पँट चढवून एक पाय खुर्चीवर ठेवा आणि गुडघा छातीकडे न्या. कंबर मागून खाली सरकली किंवा मांडीला कापड अडलं तर पुढची बघा. दोन्ही पाय जुळतात तिथे चार शिवणी एका बिंदूत येण्याऐवजी पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असेल तर पाय फाकताना तिथे ताण येत नाही, उसवतही नाही. जमलं तर हार्नेसही (रोपला अडकवायला कंबर-मांड्यांना बांधायचे पट्टे) बरोबर न्या आणि पँटवर बांधूनच बघा. कमरेचा पट्टा जाड असेल तर तो हार्नेसखाली दिवसभर रुततो. आणि खिशाची झिप हार्नेसच्या पट्ट्याखाली गेली, तर रोपवर लटकलेलं असताना त्यातलं चॉकलेट तुम्हाला थेट कॅम्पवरच मिळेल, तेही चपटं झालेलं.