बेसबॉलमधलं हेल्मेट: नियम झाला, पण सूट देऊन

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, बॅटरने कडक हेल्मेट घातलंच पाहिजे, हा नियम १९७१ साली आला. डोक्याला चेंडू लागून रे चॅपमन गेला तो १९२० साली. मधल्या एक्कावन्न वर्षांत काय चाललं होतं, ते पाहिलं तरच या खेळातले सुरक्षेचे नियम असे का आहेत हे उमगतं.

चॅपमन क्लीव्हलँड इंडियन्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), वय २९. १६ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर यांकीजविरुद्ध पाचव्या डावाच्या सुरुवातीला तो बॅटिंगला आला. समोर यांकीजचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कार्ल मेज. हात जमिनीजवळ नेऊन खालून चेंडू टाकायची मेजची पद्धत, आणि चॅपमनची सवय होम प्लेटवर, म्हणजे बॅटरजवळच्या पांढऱ्या पाटीवर, झुकून उभं राहायची. चेंडू थेट डोक्यावर आला, तरी चॅपमन जागचा हलला नाही. आवाज असा झाला की चेंडू बॅटलाच लागला, असं मेजला वाटलं. आपल्याकडे परत आलेला चेंडू उचलून त्याने चॅपमनला बाद करायला पहिल्या बेसकडे फेकलासुद्धा. तोवर चॅपमन गुडघ्यांवर आला होता. त्याला उठवलं, तो ड्रेसिंग रूमकडे चालायला लागला आणि वाटेतच कोसळला. रात्री कवटीची शस्त्रक्रिया झाली, पहाटे तो गेला. मेजर लीगच्या सामन्यात पिचरच्या चेंडूने जीव गेलेला तो आजवरचा एकमेव खेळाडू.

त्याला चेंडू नीट दिसलाच नसावा, असं तेव्हापासून मानलं जातं. त्या काळी एकच चेंडू शक्य तितका वेळ चालवायचे. पिचर त्याला थुंकी, तंबाखूचा रस, माती फासायचे. दुपार उतरेपर्यंत पांढरा चेंडू मातकट होऊन जायचा. त्या हंगामात पंच मळलेले चेंडू बदलू लागले होते, पण क्लबमालकांनी खर्चाची ओरड केली आणि अमेरिकन लीगचे (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी पंचांना कळवलं की होता होईल तो चेंडू बदलू नका. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त बोचते ती हीच गोष्ट. चॅपमन गेल्यावर मात्र चेंडू भराभर बदलले जाऊ लागले. थुंकी लावून चेंडू टाकायला त्याच वर्षी आधीच बंदी झाली होती, पण जुन्या सतरा पिचरांना अखेर निवृत्तीपर्यंत सूट मिळाली. त्यांतला बर्ली ग्राइम्स १९३४ पर्यंत तसा चेंडू टाकत राहिला.

डोकं मात्र उघडंच राहिलं. १९३७ साली पिचरच्या चेंडूने मिकी कॉक्रेन या खेळाडूची कवटी फुटली आणि त्याचं खेळणं तिथेच संपलं. १९४१ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी टोपीच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या घालून पाहिल्या. खरं हेल्मेट संपूर्ण संघाच्या डोक्यावर चढवलं ते पिट्सबर्ग पायरेट्सचे सरव्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी, १९५३च्या सुमारास. त्यांच्या खेळाडूंना खाणकामगार म्हणून चिडवलं गेलं. घाबरट ठरण्याची भीती चेंडूच्या भीतीपेक्षा मोठी होती, आणि त्यात नवल नाही. चेंडू होम प्लेटपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात जो मागे सरतो त्याची बॅट चालत नाही, हे पिचरला पक्कं ठाऊक असतं. क्रिकेटमध्ये तरी वेगळं काय झालं? १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली, त्यानंतरही हेल्मेट रुजायला दीड दशक गेलं.

१९७१च्या नियमातही आधीपासून खेळणाऱ्यांना सूट होतीच. टोपीखाली नुसतं प्लॅस्टिकचं अस्तर घालून बॅटिंग करणारा शेवटचा खेळाडू बॉब माँटगोमेरी, तोही थेट १९७९ पर्यंत. तो बोस्टन रेड सॉक्सचा, म्हणजे टोनी कॉनिग्लियारोच्याच क्लबचा. १८ ऑगस्ट १९६७ रोजी फेनवे पार्कवर जॅक हॅमिल्टनचा चेंडू कॉनिग्लियारोच्या डाव्या गालफडावर बसला. वय २२. डोक्यावर हेल्मेट होतं, पण कान-गाल झाकणारी पाळी त्याला नव्हती. गालाचं हाड मोडलं, डोळ्याच्या पडद्याला इजा झाली, १९६८चा सगळा हंगाम गेला. पाळी सक्तीची झाली १९८३ मध्ये, तीही नव्या खेळाडूंपुरती. टिम रेन्स २००२ पर्यंत पाळीशिवाय खेळला.

बाकीचे नियमही असेच कुणाच्या तरी दुखापतीमागून आले. चेंडूमागे धावताना मैदानाच्या भिंतींवर आदळून आदळून डॉजर्सचा पीट रायझर अर्धा संपला, तेव्हा १९४९ मध्ये भिंतीआधी मातीचा इशारापट्टा सक्तीचा झाला. २००७ मध्ये खालच्या लीगमधले बेस कोच (बेसजवळ उभे राहणारे प्रशिक्षक) माइक कूलबॉ फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला, चेंडू लागून गेले, पुढच्या वर्षी कोचांना हेल्मेट आलं. २०११ मध्ये होम प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचर बस्टर पोझीचा धडकेत पाय मोडला आणि २०१४ पासून होम प्लेटवर कॅचरला धडक देण्यावर बंधन आलं.

बॅटवरून परत येणाऱ्या चेंडूपासून पिचरला वाचवायचा प्रश्न मात्र तसाच आहे. ७ मे १९५७ रोजी क्लीव्हलँडचाच पिचर हर्ब स्कोर याच्या उजव्या डोळ्यावर गिल मॅकडूगल्डच्या बॅटवरून सुटलेला चेंडू आदळला, तोही यांकीजविरुद्धच. पिचरसाठी अस्तर घातलेल्या जाड टोप्यांना मेजर लीगने २०१४ मध्ये परवानगी दिली. त्या जूनमध्ये ॲलेक्स टॉरेस या पिचरने तशी टोपी घातली तेव्हा चर्चा झाली ती ती किती बेढब दिसते याचीच. सक्ती अजून नाही. चॅपमन आणि मेज यांच्यात होतं तेच ६० फूट ६ इंचांचं अंतर, आणि बहुतेक पिचर आजही साध्या कापडी टोपीतच उभे राहतात.