स्पॅनिश रक्ताचे रानघोडे आणि सरकारी तिजोरी: पार्श्वभूमी

१९५० साली अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातल्या रिनो शहरात कामावर निघालेल्या वेल्मा जॉन्स्टन यांना पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं. त्या एका विमा कचेरीत सेक्रेटरी होत्या. त्यांनी ट्रकचा माग काढला. आत रानघोडे कोंबले होते, जखमी, काही पायांखाली तुडवले गेलेले. असे घोडे विमानाने पिटाळून पकडायचे आणि त्यांचं मांस कुत्र्यामांजरांच्या खाण्यासाठी विकायचं, हा तेव्हा सर्रास चालणारा धंदा होता.

जॉन्स्टनबाईंनी मग हा प्रश्न सोडला नाही. १९५९ मध्ये विमानं आणि मोटारी वापरून घोडे पकडायला, त्यांच्या पाणवठ्यांत विष कालवायला बंदी आली. पण घोड्यांची देखभाल कोणाची, हे त्या कायद्यात नव्हतं. देशभरातल्या शाळकरी मुलांनी पत्रांचा पाऊस पाडल्यावर १९७१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने एकमताने नवा कायदा केला आणि पहिल्यांदाच रानघोड्यांची जबाबदारी केंद्र सरकारवर आली.

पुढचा सगळा गुंता या कायद्यातल्या व्याख्येतून निघतो. संरक्षण मिळालं ते सार्वजनिक जमिनीवरच्या, अंगावर मालकाच्या खुणेचा डाग नसलेल्या, कोणी मालकी न सांगितलेल्या घोड्यांना. सार्वजनिक जमीन म्हणजे भूव्यवस्थापन विभाग आणि वनसेवा यांच्या ताब्यातली. घोडा कोणत्या वंशाचा, याचा त्यात संबंधच नाही. पश्चिमेकडच्या बहुतेक कळपांत स्पॅनिश वसाहतवाल्यांनी आणलेल्या घोड्यांबरोबर शेतावरून सुटलेल्या आणि घोडदळातल्या घोड्यांचं रक्तही मिसळलं आहे. मोंटाना-वायोमिंगच्या सीमेवर १९६८ मध्ये राखीव केलेल्या प्रायर माउंटनसारख्या थोड्या ठिकाणीच जुना स्पॅनिश वारसा रक्ततपासणीत ठळक दिसतो.

पैसाही व्याख्येमागून गेला. २०२३ या आर्थिक वर्षात भूव्यवस्थापन विभागाने या कामावर सुमारे १५ कोटी ८० लाख डॉलर खर्च केले. त्यातला दोनतृतीयांशाच्या आसपास वाटा माळरानावरून उचलून आणलेल्या जनावरांना कोंडवाड्यात आणि भाड्याच्या कुरणांवर पोसण्यात गेला. रानातल्या घोड्यांसाठी केलेल्या कायद्याचा पैसा रानाबाहेर संपतो, याचं वाईट वाटतं.

आता पूर्व किनाऱ्याकडे येऊ. नॉर्थ कॅरोलायनाच्या आउटर बँक्स या वाळूच्या बेटांवर निदान काही शतकं घोडे आहेत. बुडालेल्या जहाजांवरून पोहत आले, असं तिथले लोक सांगतात. लेखी पुरावा नाही, पण गस कॉथ्रन या अनुवंशशास्त्रज्ञाला यांतल्याच शॅकलफर्ड बँक्स बेटावरच्या घोड्यांत जुन्या स्पॅनिश वंशाकडे बोट दाखवणारी दुर्मिळ रक्तखूण सापडली. ज्या वंशासाठी जिवाचा आटापिटा करावा, तो इथे आहे. आणि १९७१ चा कायदा इथे लागूच नाही, कारण ही जमीन त्या दोन खात्यांच्या ताब्यात नाही.

शॅकलफर्ड निदान राष्ट्रीय उद्यानसेवेच्या हद्दीत होतं. १९९६ मध्ये संसर्गजन्य रक्तक्षयाची लागण सापडल्याने तिथले ७६ घोडे मारले गेले. लोक हादरले, चिडले, आणि १९९८ मध्ये त्या एका कळपासाठी वेगळा कायदा झाला. तेव्हापासून उद्यानसेवा एका स्थानिक संस्थेच्या जोडीने कळप सांभाळते.

उत्तरेकडच्या करॉला गावच्या घोड्यांच्या नशिबी तेही आलं नाही. १९८० च्या दशकात तिथवर डांबरी रस्ता पोचला आणि घोडे गाड्यांखाली मरू लागले. गावकऱ्यांनी १९८९ मध्ये वर्गणी काढून संस्था उभी केली. पुढे घोडे गावाच्या उत्तरेला हलवले. तिथे डांबर संपतं, समुद्रापासून खाडीपर्यंत कुंपण आहे आणि वाळूवरून फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या जातात. जमीन बरीचशी खासगी. उरलेल्या जमिनीत केंद्राचं अभयारण्य आहे, पण अभयारण्याच्या लेखी घोडा हा बाहेरून आलेला प्राणी. राज्याने २०१० मध्ये याच वंशाला राज्य-घोड्याचा मान दिला.

करॉलाचा कळप ११० घोड्यांच्या खाली जाऊ नये, नवं रक्त यावं म्हणून शॅकलफर्डच्या घोड्या आणता याव्यात, असं विधेयक प्रतिनिधीगृहाने २०१२ आणि २०१३ मध्ये मंजूर केलं. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडकलं. त्यातही खर्चाचा भार संस्थेवरच टाकायचं ठरलं होतं. आजही साधारण शंभर घोड्यांचा हा कळप जगतो तो मुख्यतः देणग्यांवर. पर्यटकाने प्रेमाने भरवलेल्या सफरचंदामुळे पोटशूळ उठलेल्या शिंगराला डॉक्टर बोलवायचा, तर त्याचं बिल संस्थेच्याच नावाने फाटतं.