मॅटर पाठवण्याआधी : ऱ्य, ॲ, ₹ आणि इतर अडणारी अक्षरे

पत्रिका, मेन्यूकार्ड, बिलबुक, फ्लेक्स, सगळ्याचे मॅटर, म्हणजे छापायचा मजकूर, आता व्हॉट्सॲपवरच येते. तुमच्या मोबाइलवर ते बरोबर दिसते, आमच्या छापखान्यात कोरल किंवा इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवले की काही अक्षरे मोडतात. "आम्ही तर नीट पाठवलं होतं" हे तुमचे म्हणणे खरेच असते. घोळ मधल्या मध्ये होतो. तो कुठल्या अक्षरांत होतो हे ठाऊक असले, की प्रूफ (छपाईआधीचा तपासायचा नमुना) वाचताना नजर बरोबर तिथे जाते.

सगळ्यात दगाबाज म्हणजे ऱ्य आणि ऱ्ह. एका मंगल कार्यालयाच्या दरपत्रकात 'आचाऱ्यांचे मानधन वेगळे' या ओळीचे आम्ही 'आचार्यांचे मानधन वेगळे' करून ठेवले. स्वयंपाक्यांचे एकदम गुरुजी झाले! सगळ्या प्रती रद्दीत गेल्या, खर्च अर्थातच आमचा.

असे होते कारण हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक : खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी : साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण ते अदृश्य चिन्ह एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना कधीकधी गळते, आणि र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. मग वऱ्हाडाचे 'वर्हाड' होते, कऱ्हाडचे 'कर्हाड'. संगणकावर इन्स्क्रिप्ट पद्धतीचा मराठी कळफलक असेल, तर शिफ्ट धरून इंग्रजी जे (J) ची कळ दाबा. टिंबवाला ऱ येतो, त्यात गळण्यासारखे काही नसते.

ॲड., ॲक्टिव्हा, ॲल्युमिनियम यांतला ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांच्या सामाईक अक्षरसंचात, २००८ साली आला. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नसतोच, तिथे नुसता चौकोन उमटतो. काही जण अ वर वेगळा चंद्र देतात, मग मधोमध ठिपक्यांचे वर्तुळ येऊ शकते. वकीलसाहेबांच्या कार्डावर नावाच्या आधी ते वर्तुळ बरे दिसत नाही.

₹ ची गतही तीच. चिन्ह २०१० चे, आणि आमच्या कपाटातले कितीतरी सुंदर फॉन्ट त्याहून जुने. अशा वेळी तेवढे चिन्ह आम्ही दुसऱ्या फॉन्टमधून घेतो आणि जाडी जुळवतो. 'रु.' लिहिलेत तरी आमची हरकत नाही, उलट मराठी दरपत्रकात तेच जास्त शोभते.

'॥ श्री ॥' च्या दोन्ही बाजूंना देवनागरीतला दुहेरी दंड हवा. इंग्रजी कळफलकावरच्या दोन उभ्या रेघा वर-खाली सरकल्यासारख्या दिसतात. ॐ देवनागरीच्या संचात आहे. स्वस्तिक मात्र नाही, युनिकोडने ते तिबेटीच्या संचात ठेवले आहे! त्यामुळे स्वस्तिक, कलश, गणपती टाइप करत बसू नका. ती चित्रे आमच्याकडे तयार आहेत. इमोजीही नकोत, छपाईत त्यांचे काय होईल याचा भरवसा नाही.

डिझाइन स्वतः करत असाल तर थोडे आणखी. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करा, इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. नाहीतर 'कि' मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन पडते. चिन्ह सापडत नसेल तर कोरलमध्ये कंट्रोल आणि एफ११. इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये टाइप मेन्यूतले ग्लिफ्स. अंशाचे चिन्ह (°) हवे असेल तर विंडोजवर ऑल्ट धरून उजवीकडच्या अंकपट्टीवर ०१७६, गुणिलेसाठी (×) ०२१५. विटांचे, फ्लेक्सचे माप लिहिताना इंग्रजी एक्स ठोकण्यापेक्षा हे बरे. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करून पाठवा, पण कर्व्ह न केलेली प्रतही ठेवा. कर्व्ह झाल्यावर एक काना बदलायचा म्हटला तरी ओळ नव्याने लावावी लागते.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले मॅटर असेल तर फॉन्टचे नाव कळवा. नावाशिवाय आमच्या पडद्यावर ते इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन येते.

आणि एक सोपी युक्ती : मॅटर मजकूर म्हणूनच पाठवा, सोबत त्याच मजकुराचा स्क्रीनशॉटही जोडा. मजकूर आम्ही लावतो, स्क्रीनशॉट शेजारी ठेवून ताडून बघतो. प्रूफची पीडीएफ आली की ती मोठी करून ऱ्य, ऱ्ह, ॲ, ₹ तेवढे शोधा. छपाईची प्लेट निघेपर्यंत दुरुस्तीचे पैसे घेत नाही. प्लेट निघाल्यावर मात्र घ्यावे लागतात.