यण्णीमज्जनापासून बाथ बॉम्बपर्यंत

शॉवर जेल, बाथ सॉल्ट, बाथ बॉम्ब असं सगळं आता सोलापुरात घरपोच येतं आणि हौसेनं वापरून पाहिलंही जातं. पण आंघोळ सुवासिक करण्याची आवड या भागाला नवी नाही. कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य या मुलखावर होतं. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये स्नान आणि विलेपन यांना स्वतंत्र प्रकरणं आहेत.

राजाचं राहू द्या. आपल्या गड्ड्याच्या यात्रेचा पहिला दिवसच तेलाच्या आंघोळीचा असतो. संक्रांतीच्या सुमारास सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांचा लग्नसोहळा सुरू होतो. त्यात अक्षतांच्या आधी नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मिरवत नेतात आणि ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. त्याला म्हणतात यण्णीमज्जन. कन्नडमध्ये एण्णे म्हणजे तेल. लग्नाआधी नवरदेवाला तेल-हळद लावतात, तेच इथे देवालाही.

दिवाळीचं अभ्यंग याच वळणाचं. आधी कोमट तेल, मग उटणं. आमच्याकडे वाळा, नागरमोथा, गव्हला-कचोरा, आंबेहळद आणि संत्र्याची वाळलेली साल कुटून वस्त्रगाळ करतात. आई ते स्टीलच्या वाटीत दुधात कालवायची. पाठीवर चोळताना ते किंचित खरखरायचं आणि ओल्या मातीसारखा वाळ्याचा वास यायचा. या क्रमाला कारण आहे. सुगंधी द्रव्यं तेलात सहज विरघळतात, म्हणून वास अंगावर टिकतो. जास्तीचं तेल पूड शोषून घेते. बादलीभर पाण्यात सगळं उरकतं, आणि नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात ही गोष्ट लहान नाही.

साबण आला तो नंतर. १८८८ मध्ये विलायती सनलाइटच्या वड्या कोलकात्याच्या बंदरात उतरल्या, पण त्या कपड्यांच्या. अंगाच्या साबणात चंदन आणलं ते म्हैसूरने. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात अडली आणि लाकूड पडून राहिलं. तेव्हा महाराज कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी १९१६ मध्ये चंदनतेलाचा सरकारी कारखाना उभा केला, आणि पुढे बंगळुरात चंदनी साबणाची वडी बनू लागली. ती वडी आजही इथल्या कितीतरी घरांत आहे. अडचण फक्त बोअरच्या जड पाण्याची: त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे फेस कमी होतो आणि बादलीला पांढरट थर धरतो. शॉवर जेलमधली द्रव्यं वेगळी असल्याने त्याचा फेस अशा पाण्यातही होतो.

बाथ बॉम्ब १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये मो कॉन्स्टंटाइन यांनी घडवला. खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल पाण्यात भेटले की कार्बन डायऑक्साइड फसफसतो आणि सुगंध, रंग मोकळे होतात. तो आहे टबात पडून राहणाऱ्यांसाठी. मी अर्धा तुकडा बादलीत टाकून पाहिला. फसफस थोड्याच वेळात संपली, काठाला गुलाबी रेघ उमटली, पाण्यावर तेलाचा तवंग आला. तांब्याने घेतलेलं पाणी अंगावरून वाहून गेलं आणि वास मोरीतच राहिला. फरशी मात्र निसरडी झाली. घरात म्हातारी माणसं असतील तर आधी फरशी घासून घ्या.

दुसऱ्या दिवशी तेल लावून उटण्याने न्हाले. संध्याकाळी दोरीवरचा टॉवेल काढला, तर त्यालाही वाळ्याचा वास होता.