पिंजऱ्यात माणूस, बाहेर शार्क

दिवाळीत भाच्यानं केपटाऊनहून घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. हिरवट गढूळ पाणी, लोखंडी गज आणि गजांपलीकडे एका मोठ्या माशाची कूस. खाली लिहिलेलं, 'ग्रेट व्हाइट!', म्हणजे मोठा पांढरा शार्क. अंबाजोगाईतल्या त्याच्या आजीनं चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "जनावराला कोंडायचं सोडून हाच कामून पिंजऱ्यात जाऊन बसला?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं पिंजरा म्हटलं की संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातला वाघ आठवतो, नाहीतर उसाच्या फडाशेजारी शेळी बांधून ठेवलेला वनखात्याचा सापळा. 2020 च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा असे पिंजरे लागले होतेच. माणूस आत आणि जनावर मोकळं, ही उलटी मांडणी रॉडनी फॉक्सला सुचली तीही प्राणिसंग्रहालयातच.

फॉक्स दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. 8 डिसेंबर 1963 रोजी ॲडलेडजवळच्या अल्डिंगा किनाऱ्यावर पाण्याखाली भाल्यानं मासे मारायची स्पर्धा चालू होती. तिथं पांढऱ्या शार्कनं त्याला छातीला धरलं. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला भोक पडलं. अंगावरचा घट्ट रबरी सूट होता म्हणून आतलं सगळं जागच्या जागी राहिलं. साडेचारशेच्या वर टाके पडले, तरी गडी जगला. पुढं एकदा ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात सिंहासमोर उभा असताना त्याच्या मनात आलं, की गजांमुळे सिंह जवळून बघता येतो, तर शार्क का नाही? 1965 मध्ये तो पिंजरा घेऊन समुद्रात उतरला. सोबत शार्कचेच चावे सोसलेले आणखी दोघं होते, हे विशेष.

पाण्यातला पिंजरा त्याच्या आधीही होता. फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कुस्तोच्या पाणबुड्या साथीदारांनी 1950 च्या दशकातच तो वापरला होता, पण शार्कपासून बचावाची जागा म्हणून. फॉक्स निघाला तो पांढऱ्या शार्कलाच भेटायला.

तरी ही गोष्ट जगभर पोचवली ती सिनेमानं. 1975 च्या 'जॉज' या शार्कवरच्या सिनेमासाठी खऱ्या शार्कची दृश्यं ऑस्ट्रेलियात रॉन आणि व्हॅलेरी टेलर या जोडप्यानं टिपली, फॉक्सही मदतीला होता. सिनेमातला यांत्रिक शार्क पंचवीस फुटी. तेवढा अजस्र मासा खऱ्या समुद्रात कुठून आणायचा? मग पिंजराच लहान बनवला आणि आत बसायला पाच फुटांहूनही बुटका स्टंटमन आणला. एकदा तो आत नसताना शार्क पिंजऱ्याच्या दोरखंडात अडकला आणि सुटण्यासाठी त्यानं असा काही धुमाकूळ घातला, की ते चित्रण सोडवेना. पण पिंजरा तर रिकामा! शेवटी कथेत पिंजऱ्यात उतरणाऱ्या पात्राला मारायचा बेत रद्द करून त्याला जिवंत ठेवलं.

या सिनेमानंतर शार्क मारण्याला ऊत आला. मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली पुढं शार्क वाचवायच्या कामाला लागला. पण लोकांच्या मनात बसलेल्या त्याच भीतीनं नंतर पर्यटकांच्या बोटी भरल्या, हेही खरं. आपण उगीच नाक मुरडू नये, बिबट्या धरला म्हटलं की पिंजऱ्याभोवती अख्खं गाव लोटतं.

1991 मध्ये दक्षिण आफ्रिकेनं पांढऱ्या शार्कला कायद्याचं संरक्षण दिलं, असं करणारा तो पहिला देश. त्याच दशकात केपटाऊनपासून दोन-अडीच तासांवरचं खान्सबाय हे मासेमारीचं गाव पर्यटकांना पिंजऱ्यातून शार्क दाखवायच्या धंद्याची राजधानी झालं. कारण साधं आहे. समोरच डायर बेट, त्याला लागून हजारो सीलनी भरलेला खडक, आणि सील हे पांढऱ्या शार्कचं आवडतं खाणं.

इथं पाठीवर हवेची टाकीही नसते. बोटीच्या कडेला बांधलेल्या पिंजऱ्यात डोकं वर ठेवून उभं राहायचं. माशांचं तेल आणि खिमा पाण्यात ओततात, दोरीला ट्यूनाचं डोकं बांधून ओढतात. शार्क दिसला की वरून आरोळी येते, 'डाऊन!' मग श्वास कोंडून बुडी. कमरेला दोर बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या भाच्याला हे अवघड गेलं नाही, गार पाण्यानं मात्र दातखीळ बसली म्हणाला.

या आमिषावरच वाद आहे. माणूस दिसला की खाणं मिळतं असं शार्कला शिकवताय, ही जुनी तक्रार. न्यूझीलंडमध्ये शंख-शिंपले काढणारे पाणबुडे यावरून कोर्टात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ 2016 मध्ये शार्क थेट पिंजऱ्यात घुसला, आतला माणूस सुखरूप निघाला. तिथलं शार्क पर्यटन सरकारनं 2023 मध्ये बंदच केलं.

खान्सबायला घाव बसला तो भलत्याच बाजूनं. 2017 मध्ये किनाऱ्यावर मेलेले पांढरे शार्क लागले, यकृत गायब. संशय दोन ओर्का, म्हणजे 'किलर व्हेल', नरांवर. एकाचं पाठीवरचं पर डावीकडे झुकलेलं, दुसऱ्याचं उजवीकडे, म्हणून खलाशी भाषेत नावं पोर्ट आणि स्टारबोर्ड. त्यानंतर तिथले पांढरे शार्क दिसेनासे होत गेले. काही अभ्यासक ओर्कांबरोबरच मासेमारीचे गळ आणि किनाऱ्यावरची जाळी यांनाही दोषी धरतात. बोटी अजून रोज निघतात, पण पिंजऱ्यापुढं येतात ते बहुतेक ब्राँझ व्हेलर, तांबूस-करड्या रंगाचे, निमुळत्या तोंडाचे शार्क.

भाच्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. तोंड निमुळतं, अंग तांबूस. त्याला तसं कळवलं, तर त्यानं नुसता अंगठा पाठवला. फोटोखालची ओळ अजून तीच आहे.